‘ई वितेल्लोनी’ (१९५३) : युद्ध न दाखवणारा युद्धोत्तर चित्रपट

समुद्रकाठ (धागाकर्ता)

इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीचे नाव निघाले की चर्चा बहुधा १९६० नंतरच्या त्याच्या चित्रपटांकडे वळते आणि त्याआधीचा फेलिनी पूर्वतयारीचा म्हणून बाजूला पडतो. हा धागा त्या बाजूला पडलेल्यांपैकी मला सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या ‘ई वितेल्लोनी’विषयी आहे. कथानक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, त्यामुळे ज्यांना रसभंग नको असेल त्यांनी चित्रपट पाहून मगच हा धागा उघडावा, ही विनंती.

आड्रियाटिक समुद्राकाठचे एक छोटे गाव, उन्हाळ्याचा शेवट, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलात चाललेली सौंदर्यस्पर्धा. सान्द्रा नावाच्या तरुणीला ‘मिस सिरेना १९५३’ हा किताब मिळतो, त्याच वेळी वादळ येते, पळापळ होते आणि ती भोवळ येऊन पडते. ती गरोदर आहे. जबाबदार आहे तो गावातल्या पाच मित्रांचा म्होरक्या फाउस्तो. तो घाईघाईने बॅग भरून मिलानला पळून जाण्याच्या बेतात असतो, परंतु त्याचे गरीब आणि मानी वडील त्याला अडवतात आणि लग्नाला उभे करतात. उरलेले चौघे म्हणजे बहिणीच्या कमाईवर जगणारा आल्बेर्तो, नाटके लिहिणारा आणि स्वतःला विचारवंत समजणारा लेओपोल्दो, गाणारा रिक्कार्दो आणि सान्द्राचा भाऊ मोराल्दो. मोराल्दो सगळ्यांत लहान आहे आणि सगळ्यांत जास्त पाहतो. यांच्यापैकी कोणी काम करत नाही. दिवसा कॅफे, संध्याकाळी बिलियर्ड, रात्री रिकाम्या रस्त्यांवरून चकरा आणि हिवाळ्यात ओसाड किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहणे, असा त्यांचा दिनक्रम आहे. ऋतू बदलतात, तेव्हा या मंडळींत बदल होतो तो फक्त दाढी-मिशांचा, आणि निवेदक तोही एखाद्या महत्त्वाच्या बातमीच्या गांभीर्याने सांगतो.

इटलीच्या युद्धोत्तर पिढीचा भ्रमनिरास दाखवणारा चित्रपट, असे याचे वर्णन सर्रास केले जाते. ते चूक नाही, पण ते वाचून चित्रपट पाहायला बसणारा प्रेक्षक गोंधळतो, कारण यात युद्ध कोठेही नाही. या मुलांचे वय लक्षात घ्या. १९५३ साली जे तिशीच्या आसपास आहेत, ते १९२० च्या सुमारास जन्मलेले. मुसोलिनी सत्तेवर आला ऑक्टोबर १९२२ मध्ये आणि पडला जुलै १९४३ मध्ये, म्हणजे यांची शाळा, यांचे खेळ, यांचे गणवेश आणि यांची पहिली प्रेमप्रकरणे त्या एकाच राजवटीत झाली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा ही मुले नेमकी सैन्यभरतीच्या वयाची होती. असे असताना यांच्यापैकी एकाच्याही तोंडी आघाडीची, कैदेची किंवा बॉम्बहल्ल्याची आठवण येत नाही, कोणाच्या घरी गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून लावलेला दिसत नाही आणि गावात एक पडकी भिंतही दिसत नाही. रिमिनी हे फेलिनीचे जन्मगाव १९४३-४४ च्या बॉम्बवर्षावात बहुतांश उद्ध्वस्त झाले होते, ही गोष्ट ठाऊक असली की पडद्यावरचे ते शाबूत गाव अधिकच विचित्र वाटू लागते.

माझे म्हणणे असे आहे की, ही गैरहजेरी हाच चित्रपटाचा खरा विषय आहे. भ्रमनिरास होण्यासाठी आधी काहीतरी भ्रम असावा लागतो. रोस्सेल्लिनी आणि डी सिका या दिग्दर्शकांच्या १९४५ ते १९४८ या काळातल्या चित्रपटांतील माणसांना काहीतरी हवे असते : कोणाला स्वातंत्र्य, कोणाला नोकरी, कोणाला चोरीला गेलेली सायकल. या पाच जणांना नेमके काय हवे आहे, हे त्यांनाही सांगता येत नाही. वीस वर्षे ज्या घोषणा कानांवर आदळल्या त्या एका रात्रीत खोट्या ठरल्या, नव्या घोषणांवर विश्वास बसला नाही, आणि मधल्या पोकळीत आईने वाढलेले जेवण आणि बहिणीने दिलेले पैसे तेवढे खरे उरले. चित्रपट हे कोठेही सांगत नाही. तो फक्त कार्निव्हलच्या रात्रीनंतरचा आल्बेर्तो दाखवतो. बाईचा वेश, पुसट झालेला रंग, हातात कागदाच्या लगद्याचे भले मोठे मुंडके, आणि रिकाम्या नाट्यगृहात कोणीतरी अजूनही तुतारी बेसूर वाजवत आहे. त्या अवस्थेत तो मोराल्दोला सांगतो की तू कोणीही नाहीस, तुम्ही सगळेच कोणीही नाही. आल्बेर्तो सोर्दी या नटाला केवळ विनोदी समजणाऱ्यांनी ही पाच मिनिटे अवश्य पाहावीत.

आपणांपैकी ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे, त्यांना युद्धाची ही गैरहजेरी जाणवली का? की मी चित्रपटात नसलेले काहीतरी त्याच्या माथी मारत आहे?

अभ्यागत

धागा आवडला. मात्र आपल्या मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे आणि त्याचे कारण साधे, जवळजवळ हिशेबाचे आहे.

फेलिनीचा जन्म २० जानेवारी १९२० चा. त्याने रिमिनी सोडले १९३९ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी. युद्धाची वर्षे त्याने रोममध्ये काढली, तेथे तो ‘मार्क’आउरेलिओ’ या विनोदी नियतकालिकासाठी आणि रेडिओसाठी लिहीत होता आणि १९४३ मध्ये त्याने तेथेच जुलिएत्ता मासीना हिच्याशी विवाह केला. म्हणजे छोट्या गावातली जी रिकामी तरुणाई त्याला आतून ठाऊक होती, ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातली होती. कॅफेत बसणारे, हिवाळ्यात समुद्रावर जाणारे, उन्हाळ्यात पर्यटक बायकांच्या मागे लागणारे ते मोठे दादा त्याने पौगंडावस्थेत पाहिले होते. १९५३ मध्ये त्याने त्यांना नवे कोट घातले, स्पर्धेच्या किताबाला चालू वर्षाचा आकडा जोडला आणि फाउस्तोला रोमहून परतल्यावर चौकात मांबो नाचायला लावला. आठवणीतील माणसे युद्धापूर्वीची असल्यामुळे त्यांना युद्धाची आठवण नाही, इतके हे सरळ आहे. आपण ज्याला मौन म्हणता, ते मला दिग्दर्शकाच्या चरित्रातून आपोआप पडलेले अंतर वाटते.

पटकथा एकट्या फेलिनीची नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. एन्नियो फ्लाइआनो हा आड्रियाटिक किनाऱ्यावरच्याच पेस्कारा शहरातला होता आणि तुल्लियो पिनेल्ली हा उत्तरेकडचा, तोरिनोचा. किनाऱ्यावर वाढलेल्या दोन माणसांनी आपापले गाव आठवून लिहिलेली ही गोष्ट आहे, आणि आठवणीतील गावावर बॉम्ब पडत नाहीत.

यामुळे चित्रपटाचे मोल कमी होते, असे मात्र मी म्हणत नाही. उलट एक जास्त अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो. फॅसिस्ट काळातील कंटाळा जसाच्या तसा उचलून १९५३ मध्ये ठेवला, आणि १९५३ च्या प्रेक्षकाला तो आपलाच वाटला. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षी सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. ज्या चित्रपटांना रौप्यसिंह मिळाला, त्यांत हा एक होता. त्याआधी १९५२ मध्ये आलेला फेलिनीचा चित्रपट साफ पडला होता, हा मात्र इटलीत चालला आणि बाहेरच्या देशांतही गेला. राजवट बदलली, राजाच्या जागी प्रजासत्ताक आले, तरी छोट्या गावाची दुपार बदलली नाही, ही ओळख प्रेक्षकाला पटली असावी.

रेघोट्या

एक शंका विचारतो. हा निवेदक कोण आहे? तो सतत ‘आम्ही’ म्हणतो, पण पाचही जणांची नावे तो तृतीयपुरुषात घेतो. मग तो सहावा आहे का? मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा हा प्रश्न अडकून राहिला.

समुद्रकाठ

रेघोट्या, हा प्रश्न चित्रपटाने मुद्दाम न सोडवता ठेवला आहे. निवेदनाचा आवाज रिक्कार्दो कुच्चोल्ला या नटाचा आहे आणि त्या आवाजाचे शरीर पडद्यावर कधीही येत नाही. निवेदक घोळक्यातला आहे हे निश्चित, कारण कोणी केव्हा मिशी ठेवली हे त्याला ठाऊक आहे. पण एकटा मोराल्दो रात्री स्टेशनवर बसतो तेव्हाचे तो कसे सांगतो, याला उत्तर नाही. माझ्या मते ‘आम्ही’ हा येथे कट्ट्याचाच आवाज आहे. कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि ती कोणी पहिल्यांदा सांगितली हे कोणालाच आठवत नाही.

अभ्यागत, आपला हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. आठवण जुनी असली तरी किताबावर चालू वर्ष घालण्याचा निर्णय जुना नव्हता. त्याला १९३७ चे गाव दाखवायचे असते तर त्याने ते तसे दाखवले असते. पुढे १९७३ मध्ये त्याने रिमिनीतील फॅसिस्ट काळावर उघड उघड चित्रपट केलाच, आणि त्यात काळे शर्ट, कवायती आणि एरंडेल तेल पाजण्याची शिक्षा सगळे आहे. वीस वर्षे आधी त्याने तेच गाव निवडले आणि त्यातून ते सगळे काढून टाकले. काढून टाकणे हीदेखील एक कृती आहे.

शारदीय

आतापर्यंतची चर्चा पाच पुरुषांभोवती फिरली आहे, आणि चित्रपटही वरवर पाहता तसाच आहे. मला मात्र दर वेळी पाहताना जास्त लक्षात राहतात त्या दोघी : आल्बेर्तोची बहीण ओल्गा आणि फाउस्तोची बायको सान्द्रा.

या घोळक्याच्या घरांत रोज उठून कचेरीत जाणारी व्यक्ती ओल्गा आहे. आल्बेर्तो तिच्याकडून पैसे घेतो आणि तिच्यावर पहाराही ठेवतो. तिचे एका विवाहित माणसाशी प्रेम आहे, हे कळल्यावर ‘आईला रडवू नकोस’ असे तोच तिला बजावतो. येथे एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. इटलीत घटस्फोटाचा कायदा डिसेंबर १९७० मध्ये झाला आणि १९७४ च्या सार्वमतात तो टिकला. १९५३ मध्ये त्या माणसाला कायद्याने वेगळे होऊन ओल्गाशी लग्न करणे शक्यच नव्हते. शिवाय व्यभिचारासाठी पत्नीला शिक्षा करणारे आणि पतीला बऱ्याच अंशी मोकळे सोडणारे दंडसंहितेतील कलम १९६८ पर्यंत जिवंत होते. त्यामुळे कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याच्याबरोबर गाडीत बसून निघून जाते, तेव्हा परतीचा मार्ग तिने स्वतःच्या हाताने बंद केलेला असतो. दारू उतरत असलेला, अजून बाईच्याच वेशात असलेला भाऊ आईला सांगतो की मी नोकरी शोधतो, तुला मी आहे. आई विचारते, सापडली का? तो म्हणतो, नाही, आणि टेबलावर डोके टेकवून झोपी जातो. या प्रसंगात प्रेक्षक हसतात. मलाही हसू आले होते, पण गेले ती कर्ती मुलगी आणि राहिला तो हा, हे कळल्यानंतर ते टिकले नाही.

गाव सोडण्याच्या गप्पा पाच पुरुष दीड तास मारतात. पहिली निघून जाते ती बाई, आणि तिचे जाणे मोराल्दोच्या जाण्याइतके कोणाच्या लक्षात राहत नाही. समीक्षेतही हेच झाले आहे, असे माझे मत आहे.

सान्द्राबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. चित्रपटगृहात बायको शेजारी बसलेली असताना फाउस्तो दुसऱ्या बाजूच्या अनोळखी बाईच्या मागे उठून जातो आणि परत येतो तेव्हा खेळ संपून सान्द्रा बाहेर वाट पाहत उभी असते. पुढे तो नाट्यमंडळीतील नर्तकीबरोबर रात्र घालवतो, तेव्हा ती तान्हे मूल घेऊन घर सोडते. दिवसभर शोधाशोध होते, ती सापडते फाउस्तोच्या वडिलांच्या घरी, आणि वडील कमरेचा पट्टा काढून मुलाला फोडून काढतात. मग रडारड, समेट आणि पुन्हा असे केलेस तर मीच तुला मारीन, अशी सान्द्राची लाडिक ताकीद. हा शेवट मला कधीच पटला नाही. तिशीच्या माणसाला पट्ट्याने शहाणपण येते यावर फेलिनीचाही विश्वास नसावा, पण त्याने तो प्रसंग गोड संगीतात बुडवून आपल्या गळी उतरवला. नीनो रोताचे संगीत मला अतिशय प्रिय आहे, तरीही येथे ते पळवाट म्हणून वापरले गेले आहे.

जुनापंखा

शारदीय यांचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट जोडावीशी वाटते. ही पिढी बेकार आहे असे म्हणताना आपण कोणत्या बेकारीबद्दल बोलत आहोत, हे ठरवले पाहिजे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या संसदेने बेकारी आणि दारिद्र्य या दोन विषयांवर स्वतंत्र चौकशी समित्या नेमल्या होत्या, इतका तो प्रश्न गंभीर होता. दक्षिणेतील शेतमजूर आणि पो नदीच्या खोऱ्यातील हंगामी कामगार त्या अहवालांचे विषय होते. आपले हे पाच जण त्या अहवालात बसत नाहीत. त्यांना काम मिळत नाही असे नाही, ते काम त्यांना शोभत नाही. फाउस्तोला सासऱ्याच्या ओळखीने देवाच्या मूर्ती आणि पूजासाहित्याच्या दुकानात नोकरी मिळते, तर तो मालकाच्या बायकोवरच हात टाकतो आणि नोकरी गेल्यावर दुकानातला लाकडी देवदूत चोरतो. हातगाडीवर देवदूत घालून तो मोराल्दोबरोबर मठांचे दरवाजे ठोठावत हिंडतो आणि कोणीच तो विकत घेत नाही. शेवटी किनाऱ्यावरचा भोळसट जुदित्सिओ त्या मूर्तीला वाळूत उभी करून कुरवाळत बसतो. संपूर्ण चित्रपटात त्या देवदूताची किंमत कळलेला तो एकटाच आहे.

या संदर्भात रस्त्यावरच्या मजुरांचा प्रसंग फार बोलका आहे. मोटारीतून जाताना आल्बेर्तो बाहेर झुकून खडी फोडणाऱ्या मजुरांना ‘कामगार!’ अशी हाक मारतो, हाताने अश्लील खूण करतो आणि तोंडाने आवाज काढतो. पुढच्याच वळणावर गाडी बंद पडते आणि मजूर धावत येतात. इटलीत हा प्रसंग लहान मुलांनाही माहीत असतो असे म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो निव्वळ विनोद म्हणून दाखवला जातो. पण १९५३ साली, जेव्हा कामगार हा शब्द डाव्या पक्षांच्या प्रत्येक फलकावर होता, तेव्हा कनिष्ठ मध्यमवर्गातील एका आळशी माणसाने तो शिवीसारखा वापरला, ही गोष्ट निव्वळ विनोदाची नाही. युद्धोत्तर काळ पाहायचाच असेल तर तो मला येथे दिसतो.

दुसरे टोक म्हणजे ग्वीदो. रेल्वेत काम करणारा तो पोरगा पहाटेपूर्वी कामावर निघतो, आणि त्याच वेळी मोराल्दो भटकून घरी परतत असतो. दोघांच्या गप्पा होतात त्या याच सांध्यावर. त्या मुलाला आपले आयुष्य वाईट आहे असे मुळीच वाटत नाही. मोराल्दोला जे सलते ते हेच.

अभ्यागत

जुनापंखा यांच्या प्रतिसादानंतर मी माझी भूमिका थोडी सैल करतो. मजुरांचा तो प्रसंग १९३७ च्या आठवणीत बसणार नाही.

चित्रीकरणाविषयी थोडी माहिती देतो, कारण समुद्रकाठ यांच्या ‘शाबूत गावा’च्या मुद्द्याशी तिचा संबंध आहे. चित्रपटाचा एक फूटही रिमिनीत घेतलेला नाही. समुद्र ओस्तियाचा आहे, म्हणजे रोमजवळचा आणि इटलीच्या दुसऱ्या बाजूचा. गल्ल्या आणि चौक बरेचसे वितेर्बोचे आहेत, आणि कार्निव्हलचा नृत्यप्रसंग फ्लॉरेन्समधील एका जुन्या नाट्यगृहात घेतलेला आहे. सोर्दी तेव्हा नाट्यमंडळीबरोबर दौऱ्यावर असल्यामुळे चित्रीकरणाला त्याच्या मागे फिरावे लागले. कामात खंड पडत गेला, म्हणून छायालेखक म्हणून ओतेल्लो मार्तेल्ली यांच्याबरोबर आणखी दोघांची नावे आहेत. सोर्दी लोकांना आवडत नाही या समजुतीने वितरकांना त्याचे नाव जाहिरातीत नको होते, हेही नमूद करण्यासारखे आहे. त्यानंतर काही वर्षांतच तो इटलीतला सर्वांत लोकप्रिय नट झाला.

तेव्हा पडकी भिंत दिसत नाही याचे एक कारण असेही असू शकते की, हे गाव अस्तित्वातच नव्हते. ते वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडलेले आहे.

रेघोट्या

शेवटाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मोराल्दो कोणालाही न सांगता पहाटेच्या गाडीत बसतो. ग्वीदो विचारतो की, तुम्हाला इथे बरे वाटत नव्हते का? मोराल्दोकडे उत्तर नाही. कोठे जाणार हेही त्याला ठाऊक नाही. गाडी सुटते आणि कॅमेरा झोपलेल्या मित्रांच्या खोल्यांतून एकेक करून असा सरकत जातो, जणू आगगाडी त्यांच्या पलंगांशेजारून चालली आहे. खिडकीतून दिसू शकत नाही ते मोराल्दोला दिसते, आणि तेही गाडीच्या वेगाने. वास्तववादाची शिस्त फेलिनी येथे उघडपणे मोडतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात हा चित्रपट पडद्यावर पाहताना त्या जागी सगळे प्रेक्षागृह सावरून बसल्याचे मला आठवते. संगणकावर पाहताना हा परिणाम निम्माही होत नाही.

समुद्रकाठ

रेघोट्या, आपण उल्लेखलेल्या प्रसंगात आणखी एक गंमत आहे. मोराल्दोची भूमिका फ्रांको इन्तेर्लेंगीची, पण गाडीतून निरोपाचे जे शब्द ऐकू येतात ते स्वतः फेलिनीच्या आवाजातले आहेत. इटलीत त्या काळी आवाज नंतरच भरले जात असत, म्हणून हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. परंतु दीड तास दुसऱ्या कोणाच्या तरी ‘आम्ही’मध्ये दडून बसलेला माणूस शेवटच्या क्षणी आपल्या आवाजात बोलतो, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

शारदीय, ओल्गाविषयीचा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ लेखात ती ‘बहिणीची कमाई’ एवढीच उरली, याकडे आपण नेमके बोट ठेवले आहे. पट्ट्याच्या प्रसंगाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. तो समेट फेलिनीला पटलेला नाही याचा पुरावा त्यापुढचा प्रसंगच देतो : घरी सगळे आनंदात परतल्यावर मोराल्दो तेथे थांबत नाही. ज्याच्या बहिणीचा संसार नुकताच सावरला, असा भाऊ पहिल्या गाडीने गाव सोडतो, तर त्या सावरण्यावर त्याचा किती विश्वास आहे हे कळतेच. देवदूताच्या चोरीत त्याने फाउस्तोला मदत केली होती, नर्तकीचे प्रकरणही त्याला ठाऊक होते, आणि दोन्ही वेळा तो गप्प राहिला. तो जातो त्यात धाडसापेक्षा लाज अधिक आहे, असे मला वाटते.

शारदीय

लाज असेल तर ती फार सोयीची लाज आहे. बहिणीला त्याच नवऱ्याच्या हवाली करून, तिला एक शब्दही न सांगता, भाऊ गाव सोडून निघतो. फेलिनीने मोराल्दोचे रोममधील आयुष्य पुढच्या पटकथेत लिहिले होते, पण तो चित्रपट निघालाच नाही. त्यातला बराचसा ऐवज फेलिनीच्या १९६० च्या ‘ला दोल्चे विता’ या चित्रपटातील पत्रकाराच्या वाट्याला गेला, असे मानले जाते. तो पत्रकार बायकांशी कसा वागतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सान्द्राचे पुढे काय झाले, यावर मात्र कोणी पटकथा लिहायला घेतली नाही.